विसावी सही

चौतीस वर्षं लिफ्ट तपासण्यात गेली की माणूस निवृत्त होतो, त्याची मान होत नाही. कुठल्याही दारातून आत शिरताना नाहीकाका आधी वर बघत. दुकान असो, दवाखाना असो, नाहीतर लग्नाचा हॉल असो. वरून डोक्यात काही पडणार नाही याची खात्री झाली की मगच ते समोरच्या माणसाकडे बघून हसत, आणि तेही बेताचंच. 'नाहीकाका' हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी ठेवलं आणि मोठ्यांनी ते बिनबोभाट उचललं. काकांना ते माहीत होतं. राग येतो का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी 'नाही' म्हटलं असतं आणि ते खरंही असतं, कारण खोटं बोलायला जी चपळाई लागते ती त्यांच्यात मुळातच नव्हती.

नोकरीत त्यांचा एकच खाक्या होता. स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय सही नाही. साहेब गाडीत ताटकळलेत, इमारतीच्या मालकाने थंड सरबत मागवलंय, सगळे घड्याळाकडे बघताहेत, आणि हा माणूस लिफ्टच्या टपावर चढून दोराची एकेक तार बोटांनी चाचपतोय. त्यामुळे त्यांना बढती उशिरा मिळाली आणि मित्र कमी मिळाले. पण आपण पास केलेली एकही लिफ्ट कधी पडली नाही, हे ते अधूनमधून काकूंना ऐकवत. काकू 'हं' म्हणत.

आठ महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्याच इमारतीची लिफ्ट बंद पाडली. निवृत्त माणसाला काय पडलं होतं? पण एके सकाळी वर जाताना दोराचा आवाज त्यांच्या कानाला खटकला. एकोणसत्तराव्या वर्षी लेंगा खोचून ते टपावर चढले, तर दोराच्या निम्म्या तारा तुटून पिंजारलेल्या. काकांनी जुन्या खात्याला पत्र टाकलं. तीन दिवसांत माणसं आली आणि लिफ्टच्या दाराला सील ठोकून गेली. नुसता दोर बदलून भागणार नव्हतं आणि नवी लिफ्ट घेण्याची इमारतीची ऐपत नव्हती. तळमजला धरून पाच मजले, वीस बिऱ्हाडं, सगळी पायी चढू-उतरू लागली आणि प्रत्येक पायरीला काकांचा उद्धार करू लागली. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनी जिन्याशी कधीचाच अबोला धरला होता. त्या दिवसापासून त्या खाली उतरल्याच नाहीत.

अशात चेअरमनच्या नजरेस एक जाहिरात पडली. चेअरमन तळमजल्यावर राहत आणि रस्त्यापलीकडे त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. एका लिफ्ट कंपनीने 'आनंदी इमारत' अशी स्पर्धा काढली होती. बक्षीस काय, तर नवीकोरी लिफ्ट, बसवून, फुकट. अट एकच. प्रत्येक घराने लिहून द्यायचं की 'या घरातील सर्व माणसे या इमारतीत आनंदी आहेत', आणि खाली सही. एकही घर सुटता कामा नये. कंपनीला शंभर टक्के आनंद हवा होता, नव्व्याण्णव चालणार नव्हता.

एकोणीस सह्या एका संध्याकाळी झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने तर भांडता भांडता दार उघडलं, सही केली आणि पुन्हा भांडायला आत गेलं. विसाव्या सहीसाठी चेअरमन धापा टाकत चौथ्या मजल्यावर आले.

"काका, एवढी सही ठोका, की झालं."

काकांनी फॉर्म दोनदा वाचला. मग डोळे मिटून बसले. इतका वेळ, की चेअरमनना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

"नाही," काका डोळे उघडून म्हणाले.

"काय नाही?"

"आनंदी नाही. आत्ताच तपासलं."

"अहो, पण दुःख काय आहे तुम्हाला?"

"दुःख काही नाही. बरं चाललंय. पण आनंदी म्हणजे... नाही. तितकं नाही."

"लिफ्ट आली की व्हाल की आनंदी!"

"मग लिफ्ट आल्यावर फॉर्म आणा."

चेअरमननी आशेने काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि विचारलं, "चहा टाकू का?"

पण चेअरमन हाडाचा दुकानदार. गिऱ्हाईक 'नको' म्हणालं की त्याला दुसरी फ्रेम दाखवायची, हे त्यांच्या रक्तातच होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. "बरं, आनंदी व्हायला तुम्हाला काय काय कमी पडतंय ते तरी सांगा."

हे विचारायला नको होतं. काकांनी चार पानी अहवाल दिला, सुवाच्य अक्षरात, मजल्यानुसार. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा दोन वर्षं बंद. दुसऱ्या मजल्यापाशी कठडा हलतो. पहिल्या मजल्यावरचा बँडवाला रोज सकाळी सहाला ट्रम्पेटचा सराव करतो आणि एकाच ओळीत, एकाच जागी, चार वर्षं चुकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी कापडाच्या चिंध्या खिडकीतून खाली टाकतात.

इमारत कामाला लागली. आनंदासाठी एवढी घाईगर्दी त्या आवारात कधी कुणी पाहिली नव्हती. दिवा लागला. कठडा पक्का झाला. वहिनी चिंध्या पिशवीत भरू लागल्या, आणि काकांना बसायला त्याच चिंध्यांची एक उशीही शिवून दिली. बँडवाला सरावाला गच्चीत गेला, तर तिथून तो जास्तच ऐकू येऊ लागला. तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला जवळच्या पुलाखाली धाडला. चेअरमननी स्वतः काकांचा चष्म्याचा नंबर तपासून नवा चष्मा करून दिला.

"आता कसं वाटतंय?"

"लख्ख दिसतंय," काका खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी अहवालाला आणखी दोन पानं जोडली.

खरं सांगायचं तर काकांना आता थोडी भीतीच वाटू लागली होती. एका सकाळी अंघोळ करताना ते चक्क गुणगुणत होते. अर्ध्या ओळीवर त्यांच्या लक्षात आलं आणि ते दचकून थांबले. अंगावर पाणी तसंच ठेवून त्यांनी पुन्हा एकदा तपासलं. नाही. दिवा लागला होता, कठडा हलत नव्हता, सकाळी सहाला शांतता होती, तरी आत कुठेतरी काहीतरी खटकत होतं, त्या दोरासारखं. काय ते कळत नव्हतं. आणि कळत नाही तोवर सही नाही.

दोन आठवडे सरले तशी इमारतीची गोडी आटली. जिन्यात भेटणारी माणसं भिंतीकडे बघून चालू लागली. सील ठोकलेल्या लिफ्टच्या दारावर कुणीतरी मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, 'पाय दुखल्यास नाहीकाकांचे आभार मानावेत'. काकांनी तो वाचला, कोपरा नीट चिकटला नव्हता तो दाबून बसवला आणि वर गेले.

मग चेअरमननी आवारात सभा बोलावली. विषय एकच होता आणि तो मधल्या खुर्चीवर बसला होता.

"काका, आम्ही काय रोज उठून नाचतो का?" बँडवाला म्हणाला. पुलाखालच्या गारव्याने त्याचा आवाज बसला होता. "पण केली ना सही? सही म्हणजे सही. त्यात खरं-खोटं कसलं आलंय?"

"दोर तुटलेला असताना मीही असंच म्हटलं असतं," काका म्हणाले, "तर तू आज ट्रम्पेट चुकवायला उरला नसतास."

दोघं-तिघं हसले, पण चेअरमननी डोळे वटारले तसे गप्प झाले. आडमुठेपणा, हट्ट, म्हातारचळ, असे शब्द हलक्या आवाजात फिरू लागले. काका ते सगळे ऐकून घेत होते. शिव्यांचं त्यांना काही वाटत नसे. टपावर उभं असताना त्यांनी याहून मोठ्या ऐकल्या होत्या.

तेवढ्यात शिवणवाल्या वहिनी उठल्या. त्या भांडल्या नाहीत. "काका, तुमचं तत्त्व तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पण काकूंचा तरी विचार करा. आठ महिने त्या माणसांत आलेल्या नाहीत."

हे मात्र काकांना लागलं.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय झालं सभेत?"

"काही नाही. लोक काहीही बोलतात."

"काय बोलतात?"

"काहीही."

"हं," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या 'हं'मध्ये काय काय असतं, हे काकांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळीही पाहिलं नाही. पण झोप लागेना. पहाटेच्या सुमाराला त्यांना कळलं की आत काय खटकतंय, आणि ते उठून काकूंच्या खिडकीशी जाऊन बसले.

रविवारी सकाळी कंपनीच्या परीक्षक बाई आल्या. आवारात सतरंजी होती, टेबलावर फुलं होती, आणि झाडून सगळी बिऱ्हाडं धुतलेल्या कपड्यांत, दात दाखवत उभी होती. बाईंनी फॉर्मवरून पेन फिरवत मोजलं. "एकोणीस. विसावी?"

सगळ्या माना एकदम काकांकडे वळल्या. काका पुढे आले.

"माझ्या अहवालातली सगळी कामं झाली आहेत," ते म्हणाले. "तक्रार नाही. पण एक गोष्ट राहिली आणि ती अहवालात लिहायची राहून गेली, ही माझी चूक. माझी बायको वर आहे. ती वर असताना मी खाली आनंदी आहे असं लिहिलं, तर ते खोटं होईल."

"एवढंच?" चेअरमन ओरडले. "अहो, एवढंच होतं तर आधी बोलायचंत!"

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. चेअरमन, बँडवाला आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघे तगडे भाऊ असे चौघे वर धावले. काकूंना वेताच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. एका हाताने पदर आणि दुसऱ्याने बँडवाल्याचा कान घट्ट धरून काकू अडुसष्ट पायऱ्या उतरून आवारात आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी चपला काढून पाय जमिनीला टेकवले आणि नुसत्या बघत राहिल्या. आठ महिने त्यांनी सगळ्यांना वरूनच पाहिलं होतं. या आठ महिन्यांत नव्याने लागलेल्या पेपरवाल्याला त्यांनी जवळ बोलावून खाली वाकायला लावलं, टक्कल पाहिलं, आणि म्हणाल्या, "हां, तू होय! तोंड असं आहे काय तुझं?"

काकांनी नवा चष्मा काढून पुसला. चेअरमननी हीच वेळ साधून त्यांच्या हातात पेन दिलं. काकांनी टोपण काढलं.

"थांबा," काकू म्हणाल्या. "वाचा बघू, काय लिहिलंय त्यात."

काकांनी वाचलं. "या घरातील सर्व माणसे या इमारतीत आनंदी आहेत."

"मी त्या घरात राहते ना? मग मला कुणी विचारलं?"

परीक्षक बाईंनी हळूच खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही चौघांनी मला दहा मिनिटांत खाली आणलंत," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, मटारचा भाव विचारावा तितकाच होता. "फार छान आणलंत. पण आठ महिन्यांत ही दहा मिनिटं कुणाला सुचली नाहीत. फुकटची लिफ्ट दिसली तेव्हा सुचली. म्हणून मी काही आनंदी नाही." मग त्या काकांकडे वळल्या. "आणि तुम्ही. लिफ्ट बंद केलीत ते बरोबरच केलंत. मी असते तरी केली असती. पण त्या दिवशी घरी आलात, 'सील लावलं' म्हणालात आणि जेवायला बसलात. वर 'आणखी वाढ' म्हणालात. आता ही खाली कशी जाणार, असं एका शब्दाने विचारलं नाहीत. गावभरच्या लिफ्टना हात लावून बघितलंत, मला सोडून."

काकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. चौतीस वर्षांत त्यांच्या तपासणीत इतकी मोठी चूक कुणी दाखवली नव्हती, आणि ती खरी आहे हे तपासायला त्यांना डोळेही मिटावे लागले नाहीत.

चेअरमनचा मात्र तोल गेला. आतापर्यंत एक 'नाही' होतं, आता दोन झाली. "ठीक आहे!" ते म्हणाले. "तर मग ऐका. सही होत नाही तोवर ही खुर्ची वर जाणार नाही. बसा इथेच." बँडवाल्याने आणि दोघा भावांनी हाताची घडी घातली. लोकांतून 'बरोबर आहे' असा गलका उठला. परीक्षक बाई म्हणाल्या की त्या अर्धा तास थांबू शकतात, आणि कुणीतरी त्यांना चहा आणून दिला.

काकांनी जिन्याकडे बघितलं, मग काकूंच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे. अडुसष्ट पायऱ्या. एक खोटी ओळ. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की करून टाकावी. कोण मरतंय? ते टेबलावर वाकले.

"सही केलीत," काकू मागून म्हणाल्या, "तर मी जन्मभर इथेच बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगेन. माझ्या गुडघ्यांच्या नावावर खोटं नको. हात द्या इकडे."

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि हात दिला.

पहिला मजला चढायला बराच वेळ लागला. एक पायरी, मग दम. काकूंचा सगळा भार काकांच्या खांद्यावर होता आणि काकांचा कठड्यावर. खालून कुणी टोमणा मारला नाही. सगळे माना वर करून नुसते ऐकत होते. दुसऱ्या मजल्यावर काकू पायरीवरच बसल्या. त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं. काका एक पायरी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलं माझं."

"काय चुकलं? सील लावलंत ते?"

"नाही. ते आजही लावीन."

"लावाच. मग काय चुकलं?"

"जेवायला बसलो ते."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि श्वास लागलेला असताना हसू आलं की जे होतं तेच झालं. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, आणि थांबता थांबेना. काकाही हसू लागले. बेताचं नाही, चांगलं मोठ्याने. चाळीस वर्षं संसार केलेली दोन माणसं भर जिन्यात बसून आपल्याच चुकीवर हसत होती.

"आणि आत्ता?" काकूंनी डोळे पुसत विचारलं. "आत्ता कसं आहे तुमचं?"

काकांनी डोळे मिटले. या वेळी फार वेळ लागला नाही.

"आनंदी आहे," ते म्हणाले, चोरी पकडली गेल्यासारखे. "हळू बोल. खाली ऐकू जाईल."

काकूंनी कठडा धरला आणि खाली वाकल्या. "चेअरमन! अहो चेअरमन! हे आनंदी आहेत!"

खाली एकच धांदल उडाली. चेअरमन फॉर्म फडकवत दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आले. त्यांच्यामागे खुर्ची घेऊन बँडवाला आणि भाऊ, त्यांच्यामागे शिवणवाल्या वहिनी, आणि सगळ्यांत मागे कप हातात घेऊन परीक्षक बाई.

"करा काका, करा सही! आता तर खरं आहे ना?"

"माझ्यापुरतं खरं आहे," काका म्हणाले. त्यांनी पेन घेतलं नाही. "पण घरात दोन माणसं आहेत. हिला विचारा."

चेअरमन वळले. मग काय मनात आलं कोण जाणे, पायरीवर खाली बसले, काकूंच्या डोळ्यांना डोळे भिडतील इतके खाली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "काकू, तुम्ही?"

काकूंनी चेअरमनकडे पाहिलं, मागे तयार ठेवलेल्या खुर्चीकडे पाहिलं, आणि उरलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग काकांचा खांदा धरून त्या उभ्या राहिल्या.

"अजून दोन मजले आहेत," त्या म्हणाल्या. "चढता चढता विचार करते. या तुम्ही सगळे मागून. सावकाश या, मला घाई नाही."

आणि अख्खी इमारत खुर्ची, फॉर्म आणि चहाच्या कपासकट काकूंच्या मागोमाग एकेक पायरी चढू लागली.